चुली चार, महालक्ष्म्या एक

नागपुरातलं एखादं घर एकत्र आहे की वेगळं झालंय हे ओळखायचं असेल तर खोल्या किती, माणसं किती हे विचारत बसू नका. विचारा, "तुमच्याकडच्या महालक्ष्म्या कुठं बसतात?" थोरला भाऊ महाल या जुन्या वस्तीतल्या घरी, दुसरा मनीषनगरात फ्लॅट घेऊन, तिसरा पुण्यात, चौथा हैदराबादेत. चुली चार. पण भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा गौरी, यायच्या म्हटलं की चौघंही बायकापोरांसकट महालात. खर्च चौघांत, मुखवटे आजीच्या वेळचे, मान थोरल्या घराचा.

जनगणनेच्या हिशेबात ही चार कुटुंबं आहेत. एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, अशी तिची व्याख्या. नात्याच्या हिशेबात हे एकच कुटुंब आहे. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी १९७३ साली हाच फरक पुढे आणला: एका छपराखालचं घर वेगळं आणि नात्यागोत्याचं कुटुंब वेगळं, आणि दोन्ही एकच समजून चाललं की 'एकत्र कुटुंब मोडलं' अशी चुकीची हाकाटी सुरू होते. त्याआधी १९६४ मध्ये आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्याचा अभ्यास करताना दाखवलं होतं की राहणं वेगळं झालं तरी मालमत्ता, देणंघेणं, कर्तव्यं सामाईक असू शकतात. म्हणजे एकत्रपणाला पायऱ्या असतात.

हे आधी सांगायचं कारण असं. समाजशास्त्राच्या पेपरात कुटुंबाविषयीचे स्त्रीवादी आणि परंपरावादी दृष्टिकोन हा प्रश्न नेहमीचा आहे, आणि उत्तरं जवळजवळ सारखी येतात. डाव्या बाजूला परंपरावादी म्हणून मर्डॉक, पार्सन्स. उजव्या बाजूला स्त्रीवादी ओकली. शेवटी 'दोन्ही दृष्टिकोनांना मर्यादा आहेत' हे वाक्य. असं लिहून गुण मिळतात, पण विषय हातात येत नाही. माझ्या मते भांडण कुटुंब चांगलं की वाईट यावर नाहीच. भांडण मोजमापाच्या एककावर आहे. परंपरावादी विचारतो, कुटुंब समाजासाठी काय करतं? स्त्रीवादी विचारते, कुटुंब जे करतं ते कुटुंबातलं कोण करतं? पहिल्याचं एकक घर, दुसरीचं एकक माणूस. हे एकदा पक्कं धरलं की सगळी नावं आपापल्या जागी बसतात.

जॉर्ज मर्डॉकने १९४९ साली २५० समाजांची माहिती चाळून कुटुंबाची चार कामं सांगितली: लैंगिक, प्रजननाचं, आर्थिक आणि शिक्षणाचं. त्याच्या व्याख्येत एकत्र राहणं होतं, आर्थिक सहकार्य होतं, आणि समाजाने मान्य केलेले लैंगिक संबंध असलेले स्त्री-पुरुष होते. कॅथलीन गफने १९५९ मध्ये केरळातल्या नायरांचं उदाहरण पुढे ठेवलं. तिथे जुन्या पद्धतीत बाई आणि मुलं आईच्या तरवाडात, म्हणजे आईकडून चालणाऱ्या एकत्र घरात, आणि नवरा म्हणावा तो पुरुष आपल्या आईच्या घरी. व्याख्या तिथेच अडखळते. टॅलकट पार्सन्सने १९५५ मध्ये यादी आखडून दोनच कामं ठेवली: मुलांवर पहिले संस्कार करणं आणि मोठ्या माणसांचं मन स्थिर ठेवणं. त्यासाठी पुरुषाने कमावण्याची आणि बाईने जिव्हाळ्याची भूमिका घ्यावी, अशी त्याची मांडणी. ती अमेरिकेतल्या पगारदार मध्यमवर्गाकडे बघून केलेली आहे. खैरलांजीसारखं खेडं असो की नागपुरातलं खामला, ती जशीच्या तशी लावायची नसते.

एक घोटाळा फार होतो. कार्यवादी आणि परंपरावादी यांना सरसकट एकच धरलं जातं. मर्डॉक-पार्सन्स 'कुटुंब काय करतं' याचं वर्णन करतात. परंपरावादी त्यापुढे जाऊन 'कुटुंब असंच राहिलं पाहिजे' म्हणतो. ब्रिटन-अमेरिकेत ही मागणी १९८० नंतर चार्ल्स मरे, पॅट्रिशिया मॉर्गन यांनी लावून धरली, आणि त्यांचा रोख सरकारी मदतीवर होता: एकट्या आईला भत्ता मिळायला लागला की बापाची गरज संपते, मुलं बापाविना वाढतात, आणि त्यातून पुढचे प्रश्न निर्माण होतात. भारतातल्या उत्तरात हा मुद्दा उचलून आणला की तो लटकतो. आपल्याकडे तसा भत्ता नाही, मुलं होण्याआधी लग्न बहुतेक होतंच. आपल्याकडच्या परंपरावाद्याची काळजी वेगळी: मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, म्हातारे एकटे पडले, घटस्फोट वाढले, घरातली बोली आणि सणवार सुटले.

परंपरावाद म्हणजे नुसता उपदेश असंही नाही. फ्रान्सचा फ्रेडरिक ल प्ले हा खाणकामाचा इंजिनिअर, विचाराने पक्का परंपरावादी. त्याने १८५५ साली युरोपातल्या ३६ कामगार कुटुंबांचे सविस्तर हिशेब छापले: कोण काय काम करतं, रोकड किती येते, परसातल्या भाजीपाल्याची किंमत किती, कशावर किती खर्च होतो. कुटुंबाचा जमाखर्च मांडून अभ्यास करण्याची वाट या माणसाने घालून दिली. कुटुंबावर ज्याचं खरंच प्रेम आहे त्याने कुटुंबातलं काम मोजायला कधीच हरकत घेऊ नये, असं मी म्हणते तेव्हा मला ल प्ले आठवतो.

आणि हा वाद समजून घ्यायला नागपूरकराला लंडनपर्यंत जायची गरज नाही. १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती सुरू केली. मातृत्वासाठी जिजाबाई, कर्तृत्वासाठी अहल्याबाई होळकर, नेतृत्वासाठी झाशीची राणी, हे तिचे आदर्श. बाई ही घराची आणि घराच्या द्वारे राष्ट्राची आधारशिला आहे, हा त्यामागचा विचार. यात बाई दुबळी नाही, तिला मोठी जबाबदारी दिलेली आहे. पण ती जबाबदारी कुटुंबातून जाते. त्यानंतर सहा वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. आंबेडकरांनी तिथे सांगितलं की समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देऊ नका, आणि बायकोने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं. दोन्ही ठिकाणी बोलणं घराबद्दलच आहे. एकीकडे घर हा पाया, दुसरीकडे घर ही बदलायची जागा.

आंबेडकरांनी याचं मूळ आधीच दाखवलं होतं. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांचं म्हणणं असं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींचे बालविवाह या तीन रीती वापरल्या गेल्या. मर्डॉकच्या चार कामांच्या यादीत हे पाचवं काम बसतच नाही: जात राखणं. उत्तरपत्रिकेत हे एक वाक्य आलं तरी परीक्षकाला कळतं की लिहिणारा भारतात बसून लिहितोय. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ब्राह्मणी पितृसत्तेची (जात आणि बाईवरचा ताबा एकमेकांना धरून असतात याची) मांडणी केली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याची, ती याच वाटेवर. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १८८२ मध्येच विचारत होत्या की जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का. विदर्भातल्या अभ्यासकाला स्त्रीवाद बाहेरून आला असं म्हणता येत नाही.

स्त्रीवाद्यांतही एकच सूर नाही. उदारमतवादी म्हणतात कायदे बदला, संधी द्या, घर हळूहळू बदलेल. मार्क्सवादी म्हणतात घरातलं बिनपगारी काम उद्याचा कामगार फुकट तयार करून देतं. १९६९ मध्ये मार्गारेट बेन्स्टन आणि १९७२ मध्ये दाला कोस्ता व सेल्मा जेम्स यांनी हे मांडलं. क्रिस्तीन देल्फी म्हणते भांडवलदार लांब राहिला, या श्रमाचा थेट फायदा घरातल्या पुरुषाला होतो. डेनिझ कांदियोती (१९८८) आपल्याला फार उपयोगी पडते: सुनेने सगळं का सोसायचं, तर पुढे सासू झाल्यावर तिचा हुकूम चालणार म्हणून. ती याला पितृसत्तेशी केलेला सौदा म्हणते. मुलगा बंगळुरूला वेगळा राहिला की सौद्यातला दुसरा हप्ता बुडतो, आणि पन्नाशीतल्या सासूचा राग त्यातून येतो. त्या रागाला 'बाईच बाईची शत्रू' म्हणून मोकळं होणं हा आळस आहे.

आता पुन्हा महालक्ष्म्यांकडे, कारण दोन्ही चष्मे इथे एकाच वेळी लावून बघता येतात.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. कस दुसऱ्या दिवशी लागतो. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, पंचामृत, सोळा भाज्या. समजा चाळीस पानं आहेत आणि पानामागे दोन पोळ्या. ऐंशी पोळ्यांना साधारण दोन किलो चण्याची डाळ लागते. डाळ शिजवून कट काढायचा, गूळ घालून घोटायचं, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. निवलं की यंत्र फिरत नाही. पुरण सैल राहिलं तर पोळी तव्यावर फुटते, आणि फुटलेली पोळी नैवेद्याला चालत नाही, म्हणून पुन्हा आटवायचं. एका तव्यावर पोळीला तीन मिनिटं धरली तरी ऐंशी पोळ्यांचे चार तास होतात. हे चार तास तव्यासमोर उभं राहून, सोवळ्यात, तेही भाद्रपदातल्या दमट उकाड्यात. सोळा भाज्या निवडणं आदल्या रात्री. आंबिलीचं ज्वारीचं पीठ त्याहून आधी भिजवलेलं.

कार्यवादी इथे बघतो तेव्हा त्याला जे दिसतं ते खरं आहे. वर्षभर फोनवर बोलणारे चार भाऊ एका पंगतीत बसतात. पुतण्याला काकाच्या कंपनीत नोकरी लागते ती अशाच दुपारी. मुलांना मोठी आई, आत्या, चुलतभाऊ ही नाती शब्दांत नाही, ताटात कळतात. एखाद्याचा धंदा बसला असेल तर भाऊ बाजूला नेऊन विचारतात. सरकारी कुठलीही योजना हे करू शकत नाही. परंपरावाद्याने याची किंमत ओळखली आहे आणि ती ओळखल्याबद्दल त्याचा मान ठेवला पाहिजे.

स्त्रीवादी त्याच खोलीत उभी राहून वेगळं टिपते. मखर, दिवे, केळीचे खांब पुरुषांनी केले. ते काम दिसतं, त्याचं कौतुक होतं, दोन तासांत संपतं. तव्यासमोरचे चार तास पोळी खाऊन संपतात. शेवटच्या पंगतीला बायका बसतात तेव्हा वडे संपलेले, कढी निवलेली. देल्फीने फ्रान्समधल्या शेतकरी कुटुंबांबद्दल हेच लिहिलं होतं: एका टेबलावर जेवले म्हणजे सारखं जेवले असं होत नाही. कितीतरी घरांत पाळी आलेल्या सुनेला त्या खोलीत जाता येत नाही, आणि विधवा नणंद पुरण घोटते पण हळदीकुंकवाला पुढे येत नाही. दुसरीकडे थोरल्या जावेचा त्या तीन दिवसांतला अधिकारही तिला टिपावा लागतो. कोणती साडी नेसवायची, नैवेद्याचं पान कोण वाढेल, हे तिच्या शब्दावर. तो अधिकार खोटा नाही. तो मिळवायला तिला किती वर्षं धाकटी राहावं लागलं, हेही विचारायचं.

एवढं बघून झालं की मोजमाप. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ वापर पाहणी २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर झाली. तिच्यात घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम बायकांसाठी दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषांसाठी ९७ मिनिटं निघालं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८. बातम्यांत 'बायका तिप्पट काम करतात' असं येतं. ते अपुरं आहे. ९७ मिनिटं ही त्या दिवशी घरकाम केलेल्या पुरुषांची सरासरी आहे, आणि २०१९ मध्ये असे पुरुष होते २६.१ टक्के. बायका ८१.२ टक्के. सगळ्या पुरुषांवर वाटून टाका: ९७ गुणिले ०.२६१ म्हणजे साधारण २५ मिनिटं. बायकांचं २९९ गुणिले ०.८१२ म्हणजे साधारण २४३. तिप्पट कुठली, जवळजवळ दहापट.

अशीच चूक इंग्लंडमध्ये झाली होती. यंग आणि विल्मॉट यांनी १९७३ मध्ये लिहिलं की ७२ टक्के नवरे घरकामात मदत करतात, म्हणजे कुटुंब आता समतोल होतंय. अॅन ओकलीने प्रश्नच उघडून दाखवला: आठवड्यातून एकदा काहीतरी केलं तरी तो नवरा त्या ७२ टक्क्यांत. तिने लंडनमधल्या ४० गृहिणींशी बोलून १९७४ मध्ये मांडलं की त्यांचा आठवडा सरासरी ७७ तासांचा भरतो, आणि घरकामात भरीव वाटा उचलणारे नवरे १५ टक्के. 'करतो का' आणि 'किती करतो' हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की आकडा गोड निघतो.

घर मोजायला घेणार असाल तर सरकारी पाहणीची रीत उचला, ती चांगली आहे. दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. अर्ध्या तासाच्या ४८ ओळी. सहा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक माणसासाठी वेगळा कागद. दहा मिनिटांहून कमी चाललेलं काम सोडायचं. मध्यरात्रीपासून सुरुवात केली तर रात्री दोनला उठून बाळाला घेणं आणि पहाटे पाण्याला उठणं एकाच दिवसात गोंधळतं. चारपासून धरलं की माणसाला झोपेपर्यंतचा दिवस सलग आठवतो. दोन दिवस घ्या, एक कामाचा आणि एक रविवार. रविवारी बहुतेक पुरुषांचे तास वाढतात आणि बायकांचेही वाढतात, कारण सगळे घरी असतात आणि नाश्ता दोनदा होतो.

मुख्य कामाच्या शेजारी 'त्याचबरोबर' हा रकाना मोठा ठेवा. त्याच्याविना डायरी खोटी पडते. उन्हाळ्यातल्या कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतायचं, पहाटे मिठाच्या उकळत्या पाण्यात चीक शिजवायचा आणि ऊन वर यायच्या आत सोऱ्याने गच्चीवर घालायच्या. पाणी बदलायला पाच मिनिटं लागतात, म्हणून नोंदीत ते येतच नाही. पण ती बाई त्या तीन दिवसांत गावाला जाऊ शकत नाही. गच्चीवर कुरडया घालताना नातू शेजारी खेळत असेल तर सांभाळणंही चालू आहे, आणि विचारलं तर ती सांगते, "कुरडया घालत होती." डिसेंबरात पाहणी केलीत तर हे काम सापडणारच नाही. नागपुरात मे महिना न धरता घरकाम मोजणं म्हणजे अर्धं घर बघणं.

कूलरचंही तसंच. मार्चअखेर कूलर खिडकीला लावणं, जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरणं, मोटर बघणं, हे पुरुषाचं काम; वर्षातून एकदा, अर्धा दिवस. त्यानंतर अडीच महिने टाकीत पाणी आहे का हे बघणं घरी असेल तिचं. काम कोण करतं याच्या जोडीला 'आठवण कोणाची' असा रकाना करा. अॅलिसन डॅमिंजर या अभ्यासिकेने २०१९ मध्ये घरातल्या डोक्याच्या कामाचे चार टप्पे पाडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवण्यात नवरा बरोबरीने असतो. पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक बायकोचा. सिलिंडर संपत आलाय हे कळणं पहिल्यात येतं, आणलेला बसवून गळत नाही ना हे बघणं चौथ्यात. नवरे खरेपणाने सांगतात, "आम्ही सगळं दोघं मिळून ठरवतो." ते खोटं बोलत नसतात. ते तिसऱ्या टप्प्याबद्दल बोलत असतात.

आणि एका घराची डायरी पुरी धरू नका. धरमपेठेतल्या नोकरदार बाईच्या कागदावर भांडी आणि झाडू-पोछा या ओळी रिकाम्या दिसल्या तर काम नवऱ्याने उचललं असं नाही. ते दुसऱ्या वस्तीतून येणाऱ्या बाईने केलंय, आणि तिच्या स्वतःच्या घरची भांडी तिच्या मोठ्या मुलीने घासली आहेत. दोन्ही घरांच्या डायऱ्या शेजारी ठेवल्या की समतेचा खर्च कोणाच्या नावावर पडला ते दिसतं.

न्यायालयांना हा हिशेब करावाच लागतो, कारण अपघातात गृहिणी गेली तर भरपाई काढायची असते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लता वाधवा प्रकरणात ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. २०१० च्या अरुण कुमार अग्रवाल प्रकरणात न्यायमूर्ती गांगुली यांनी बोट ठेवलं की जनगणना गृहिणींना काम न करणाऱ्यांत टाकते, भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत. बाई जिवंत असताना जे काम शून्य, ती गेल्यावर त्याला किंमत येते. मला यातली वेदना मोठी वाटते.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत परंपरावाद्यांचं म्हणणं कायद्यात उतरलं आहे. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा मुलांकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मिळवून देतो. अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा. पण त्यातली 'मुलं' कोण ते वाचा: मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. पैशाची जबाबदारी मुलाची, हे बरोबरच आहे. मात्र सासऱ्याची लघवीची पिशवी बदलणारी, इन्सुलिन टोचणारी माणूस त्या कलमात कुठेच नाही. 'कुटुंब सांभाळतं' या वाक्याचा कर्ता शोधायचा असेल तर हे कलम आणि डायरी शेजारी ठेवा.

राहिले कागद. घरप्रमुख कोण हे तोंडी विचारलं तर उत्तर ठरलेलं. त्याऐवजी कागद मागा. रेशनकार्डावर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे घरातली सगळ्यात मोठी प्रौढ बाई प्रमुख असते. विजेचं बिल बहुधा सासऱ्याच्या नावे, कधी तो जाऊन दहा वर्षं झाली तरी. फ्लॅट बायकोच्या नावे दिसला तर लगेच आनंदू नका. राज्यात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटला ५०,००० वाचतात. विचारा, हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, आणि विकायचं झालं तर पहिला शब्द कोणाचा. नाव आणि सत्ता वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही नाव लागतंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली ती याच जाणिवेतून.

शेतजमिनीबाबत सात-बारा बघून थांबणं ही नवख्या अभ्यासकाची नेहमीची चूक. हिंदू कुटुंबांत महाराष्ट्राने १९९४ मध्ये तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना आणि केंद्राने २००५ मध्ये सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. तरी सात-बारावर फक्त भावांची नावं दिसतात, आणि अभ्यासक लिहितो, 'मुलींना हक्क दिलाच नाही.' प्रत्यक्षात बऱ्याचदा घडलेलं वेगळं असतं. वडील गेल्यावर वारसनोंदीत बहिणींची नावं चढलेली असतात. मग कधीतरी हक्कसोडपत्र होतं आणि ती उतरतात. परंपरावादी म्हणेल, बहिणीने माहेर राखलं. पुढच्या सणाला साडी, बाळंतपणाला आधार, भांडणात पाठीशी उभा भाऊ. स्त्रीवादी म्हणेल, माहेर राखायला तिला जमीन द्यावी लागली, भावाला काही द्यावं लागलं नाही. दोन्ही वाचनं एकाच कागदाची आहेत.

म्हणून तलाठ्याकडून गाव नमुना सहा, फेरफाराची नोंदवही, मागून घ्या. शहरातल्या घराला आखीव पत्रिका आणि तिच्यावरचे फेरफार. त्यात बहिणीचं नाव चढल्याची एक तारीख आणि उतरल्याची दुसरी तारीख असते. दोन्ही उतरवून घ्या, आणि मधल्या महिन्यांत घरात काय बोलणं झालं ते बहिणीला विचारा. विचारताना भाऊ खोलीत नको, आणि शक्यतो तिच्या सासरी जाऊनही विचारू नका. महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी, विसर्जन झाल्यावर, ती माहेरच्या ओट्यावर डबे धुऊन पालथे घालत असते. तेव्हा ती बोलते.